पैलवान ब

संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी आधी त्यांचा गेल्या दिवाळीचा अंक मागवून घेतला. मजकुरासाठी नाही, मुखपृष्ठावरच्या जाड अक्षरांसाठी. ‘भविष्य’ या शब्दातल्या भ च्या डोक्यावरची फट शाईनं बुजली होती, आणि लोकांनी वर्षभर ‘मविष्य’ घरात ठेवलं होतं. संपादकांना दाखवलं तर ते म्हणाले, “कमाल आहे, एकाचंही पत्र आलं नाही!” मला त्यात कमाल वाटली नाही. जाड अक्षर हाच माझा धंदा होता. त्या धंद्यात मी थोडं नाव मिळवलं आणि त्याच धंद्यात आयुष्यातलं सर्वांत वाईट कामही केलं. त्या कामाबद्दलच लिहितो.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं ठसे कोरायचं दुकान होतं. शिसवाच्या ठोकळ्यावर वेल, फुलं, कोयऱ्या कोरायच्या आणि कापड छापणाऱ्या रंगाऱ्यांना द्यायच्या. हे काम मला करीम उस्तादांनी शिकवलं. दुकान माझ्या वडिलांचं, हात उस्तादांचा. वडील गेले आणि मी पंचविशीत मालक झालो. उस्ताद पूर्वीसारखेच खिडकीपाशी आपल्या पाटावर बसून कोरत राहिले. मालक बदलल्याचं त्यांना फारसं जाणवलं नसावं. मला मात्र चांगलंच जाणवलं होतं.

तेवढ्यात तिकडे अमेरिकेत लढाई पेटली. तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि सगळ्यांना वऱ्हाडचा कापूस दिसायला लागला. भाव असे चढले की ज्यानं जन्मात सरकी पाहिली नव्हती तोही रुईचा व्यापारी झाला. जितका भाव चढला तितकी लबाडीही चढली. कुणी रुईवर पाणी मारायचं, कुणी मध्ये सरकी भरायचं, कुणी दगड. त्यामुळे घेणाऱ्याचा देणाऱ्यावर विश्वास राहिला नाही, देणाऱ्याचा गाडीवाल्यावर राहिला नाही आणि गाडीवाल्याचा कुणावरच नाही. प्रत्येकाला आपल्या बोऱ्यावर आपली खूण हवी झाली, आणि खूण कशी, तर वावराच्या पल्याडून दिसेल अशी.

बोरा म्हणजे तागाच्या जाड्याभरड्या तरटाचं मोठं पोतं. त्यावर बारीक नक्षी उमटत नाही. तिथे अक्षरच पाहिजे, तेही दांडगं. मला बाळबोध लिपी वाचता येत होती, म्हणून हे काम मी अंगावर घेतलं. अक्षराचा उभा दांडा चार बोटं रुंद ठेवला, डोक्यावरची रेघ तशीच भक्कम, आणि पोट गोल, भरलेलं. बाहेरून एक कडं. असं अक्षर काजळी नि जवसाच्या तेलाच्या शाईत बुडवून बोऱ्यावर दाबलं की आखाड्यात पैलवान उभा राहिल्यासारखं दिसायचं. मी त्या वळणाला पैलवानच म्हणायचो. बारीक अक्षर माणसाशी बोलतं, हे अक्षर हाक मारायचं. त्यात पत्र लिहिता येणार नाही, पोथी तर नाहीच. पण एकच अक्षर शंभर पावलांवरून ओळखायचं असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही.

गिऱ्हाइकं एकाहून एक संशयी. बाळापूरकडचे एक व्यापारी ठसा पुरा होईपर्यंत दोन दिवस माझ्या समोर मांडी घालून बसले होते, जेवणसुद्धा तिथेच मागवलं. का, तर मी त्यांच्यामागे दुसरा ठसा कोरीन. दुसरे एकजण ठसा तर घेऊन गेलेच, खाली पडलेला लाकडाचा भुगाही फडक्यात बांधून घेऊन गेले. उस्ताद म्हणाले, “भुग्याचं काय करता शेठ?” ते म्हणाले, “तुमी जोडून पाहाल!” आम्ही खूप हसलो. पुढे हसण्यासारखं काही राहिलं नाही.

चांदूर बाजारच्या बयाबाई पाटलीण आल्या तो दिवस मला नीट आठवतो. पन्नाशीच्या, उंच, कपाळ मोकळं. नवऱ्यामागे सगळी शेती स्वतः बघायच्या. त्यांच्या रुईत पान सापडायचं नाही, सरकी सापडायची नाही. अमरावतीच्या बाजारात त्यांचे बोरे बहुतेक उघडूनही बघत नसत. त्या अकोल्याला लेकीकडे आल्या होत्या.

“मले ब पायजे,” त्या म्हणाल्या. “बयाचा ब. आंधळ्यालेही दिसला पायजे.”

मी त्यांना ब कोरून दिला. आजवरचा सर्वांत जाड. त्यांनी तो हातात घेऊन तोलला आणि म्हणाल्या, “हा तं माह्या सासऱ्यावानी दिसते.” ती शाबासकी होती असं मी धरून चाललो.

महिन्याभरानं मूर्तिजापूरचे विठोबा आडते आले. त्यांनी तो ब कुठेतरी पाहिला होता. “मले बी असाच जाड पायजे. पन व.” विठोबांची रुई बेताची असायची, पण माणूस सरळ होता. मी त्यांना व कोरून दिला. तेच कडं, तोच दांडा, तेच पोट. ब च्या पोटात एक तिरपी रेघ असते, व च्या पोटात नसते, फरक एवढाच.

दोन्ही अक्षरांचे नमुने मी भिंतीवर लावले होते. उस्तादांनी ते बराच वेळ पाहिले.

“बेटा, हे दोघं भाऊ दिसतात,” ते म्हणाले. “पोट मोकळं ठेव. तरटावर शाई पसरते.”

मी कामाच्या गडबडीत होतो. शिवाय मालक होतो. म्हणालो, “उस्ताद, तुमाले वाचता येत नाई म्हनून तसं वाटते. वाचनाऱ्याले बरोबर समजते.”

ते पुन्हा आपल्या पाटावर जाऊन बसले. त्यांना खरंच वाचता येत नव्हतं. वीस वर्षं ते कोयऱ्या कोरत आले होते, आणि अक्षरंही त्यांच्या लेखी तसेच नुसते आकार होती.

त्यानंतर उस्तादांचं वागणं बदललं. दुपारी काम संपलं की ते खिडकीकडे तोंड करून काहीतरी कोरत बसायचे आणि मी आत आलो की त्यावर फडकं टाकायचे. विचारलं तर, “काई नाई, असंच.” त्यांच्या पाटाजवळ शिसवाचा भुगा दिसायचा, पण दुकानात तेवढं काम नव्हतं. आठवड्यातून दोनदा ते नदीपलीकडे जायचे. कुठे जाता, तर “एकाले भेटाले.” मी मनात नोंद करत गेलो. त्या दिवसांत सगळे हेच करत होते.

आणि मग एका सकाळी बयाबाईंची गाडी दारात उभी राहिली. त्या थेट अमरावतीहून तीन दिवसांचा प्रवास करून आल्या होत्या. चेहरा काळवंडलेला.

“माहा ठसा कितीजनाले कोरून देल्ला रे तू?”

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. मुंबईच्या एका पेढीचा पारखी अमरावतीच्या कापूस-बाजाराच्या आवारात माल घेत होता. त्यानं सहज म्हणून ब चे चार बोरे फोडले, तर आत पिवळट, पानांनी भरलेली रुई निघाली. त्यानं बयाबाईंचा सगळाच माल नाकारला आणि बाजारात सांगितलं की पाटलीण वरून नाव दाखवते आणि आतून कचरा विकते. त्या धावत गेल्या तर त्यानं मुठीतली रुई दाखवली, पण बोऱ्याला हात लावू दिला नाही, जवळसुद्धा येऊ दिलं नाही. हात लावला तर माल बदलाल, म्हणाला.

“ते रुई माही नाई,” बयाबाई म्हणाल्या. “माह्या ब चा दुसरा ठसा कोनापाशी तरी हाये. तू केला, नाई तं तुह्या दुकानात झाला. पारख्यानं तुमा दोघा कोरनाऱ्याईले बोलावलं हाये. नाई आले तं तो कचेरीत अर्ज देनार हाये.”

मी दुसरा ठसा कोरला नव्हता. आणि माझ्यासारखा ब कोरणारा हात अकोल्यात आणखी एकच होता.

उस्ताद दुपारच्या नमाजाला गेले तेव्हा मी त्यांच्या पाटावरचं फडकं उचललं. खाली एक गाठोडं होतं. गाठ पक्की होती. मी एका बाजूनं बोट घालून चाचपलं आणि जे हाताला लागलं ते ओढून काढलं. तळहाताएवढा शिसवाचा तुकडा. त्यावर ब कोरलेला होता.

तुकडा लहान होता, बोऱ्यावर चालण्यासारखा नव्हता, पण त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. हा नमुना असेल, मोठा ठसा कुणाला तरी देऊन टाकला असेल. नदीपलीकडे भेटतात तो तोच. मी तुकडा कमरेला खोचला आणि फडकं होतं तसं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बयाबाई, उस्ताद आणि मी, एका गाडीत. उस्तादांनी ते गाठोडं बरोबर घेतलं होतं. दुपारी झाडाखाली गाडी थांबली की ते गाठोडं उशाला घेऊन पडायचे. मला वाटायचं, अमरावतीत पुरावा नाहीसा करायचा बेत दिसतो. बयाबाई माझ्याकडे बघायच्या आणि मी उस्तादांकडे. उस्ताद बैलांकडे बघायचे. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांनी आपल्या शिदोरीतली भाकर मोडून अर्धी माझ्यापुढे केली.

“खाय बेटा. काहून एवढा सुकला? आपन काई केलं नाई ना, मग काहाले भ्याचं?”

मी भाकर घेतली. कमरेचा तुकडा बसल्यावर पोटात टोचत होता. हा माणूस किती सराईत आहे, असं माझ्या मनात आलं. हे लिहायला लाज वाटते, पण आलं होतं.

अमरावतीचं आवार म्हणजे बोऱ्यांचं रान. पारखी मुंबईकडचा, तिशीतला, डोक्यावर लाल पगडी, बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्याच्यासमोर आम्हाला उभं केलं. विठोबा आडतेही तिथे होते. त्यांचा माल त्याच पेढीला जायचा आणि त्यांचीही कटकट चालू होती की आपले काही बोरे मोजणीत कमी येतात.

“हा ठसा आपल्या दुकानाचा?” पारख्यानं विचारलं.

“एकच कोरला होता,” मी म्हणालो. “मी एकच कोरला.” मग कमरेचा तुकडा काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. “हा यांच्या गाठोड्यात सापडला.”

उस्तादांनी तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. राग दिसला असता तर बरं झालं असतं. ते खाली बसले, गाठोड्याची गाठ सोडली आणि एकेक तुकडा तरटावर मांडायला लागले. क, ख, ग, घ. मग च, छ. ट, ठ. सगळी मुळाक्षरं, तळहाताएवढी, ओळीनं. फ आणि भ यांच्या मध्ये एक जागा रिकामी राहिली.

“नदीपल्याड एक पंतोजी आहेत,” ते पारख्याला म्हणाले. “त्याईच्यापासून शिकून राहिलो. पाटीवर ध्यानात राहत नाई. कोरलं का हाताले याद राहते. या वयात कोनाले सांगाव? लोक हसतीन.”

पारखी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी ब उचलून त्याच्या हातात दिला. “साहेब, शाई लावून उमटवून पाहा.”

त्यानं उमटवला. आणि तरटावर आला तो उलटा ब. दांडा डावीकडे, पोट उजवीकडे.

बाहेरच्या वाचकांना एवढं सांगायला हवं की ठशावर अक्षर नेहमी उलटं कोरतात, म्हणजे छापल्यावर सुलटं येतं. ठसेकाराचं पोर पहिल्या दिवशी शिकतं ते हेच. उस्तादांची ती सगळी अक्षरं सुलटी होती, कारण ती छापण्यासाठी नव्हतीच, बघून वाचण्यासाठी होती. तो तुकडा चार दिवस माझ्या कमरेला होता. त्यातला ब मला हातात घेताक्षणी वाचता आला होता. खऱ्या ठशावरचा उलटा दिसला असता. दहा वर्षं हत्यार धरलेल्या माणसाला हे दिसू नये, एवढा मी चोर शोधायला बसलो होतो.

बयाबाईंनी मात्र वेळ घालवला नाही. “आता माह्यावर बी भरवसा ठेव बापा,” त्या पारख्याला म्हणाल्या. “हात लावत नाई. नुसते पाहू दे.” या वेळी त्यानं अडवलं नाही. त्या फोडलेल्या बोऱ्यांभोवती फिरल्या आणि तोंडाची शिवण बघून ओरडल्याच, “ही शिवन माही नाई! मी अंबाडीच्या दोरीनं दुहेरी टाका घालते. हा तं सुताचा एकेरी हाये.”

“सुताचा टाका माहा हाये,” विठोबा मागून म्हणाले. ते पुढे आले, बोरा पाहिला आणि गोंधळून गेले. “पन हा तं माहाच बोरा हाये! यावर व हाये ना!”

“ब आहे,” पारखी म्हणाला.

“व हाये!”

मग सगळेच वाकून बघायला लागले. मीही वाकलो. तरटाच्या जाड धाग्यांमधून शाई पसरली होती. कडं होतं, दांडा होता, आणि पोटाच्या जागी काळा गोळा. शेजारीच दुहेरी टाक्याचा बोरा होता, बयाबाईंचा. त्यावरही कडं, दांडा आणि काळा गोळा. आवारातल्या हमालांनी ज्याला जे वाटलं त्या थप्पीत ते बोरे लावले होते. विठोबांची बेताची रुई ब म्हणून फुटली होती, आणि बयाबाईंचे काही बोरे व च्या थप्पीत निवांत पडून होते. कुणी काही बदललं नव्हतं. कुणी दुसरा ठसा कोरला नव्हता. एवढ्या मोठ्या बाजारात एवढ्या माणसांनी एकमेकांवर संशय घेतला, पण त्या अक्षराकडे कुणी नीट पाहिलं नव्हतं.

“अक्षर कुणाचं हे?” पारख्यानं विचारलं.

“माझं,” मी म्हणालो.

बयाबाई माझ्याकडे वळल्या. “लेका, आंधळ्यालेही दिसला पायजे म्हनलं होतं मी,” त्या म्हणाल्या. “डोळे असनाऱ्याले दिसू नये, असं कवा म्हनलं?”

पारख्यानं थप्प्या लावून घेतल्या, टाके पाहून बोरे वेगळे केले आणि बयाबाईंचा सगळा माल भर बाजारात नाव घेऊन उचलला. त्यांचं नाव सुटलं. विठोबा जाताना माझ्या पाठीवर थाप मारून हसले. उस्तादांनी आपली अक्षरं गोळा करून गाठोड्यात बांधली. ब त्यांच्या हातात देताना मी पाया पडायला वाकलो. त्यांनी मला खांद्याला धरून सरळ केलं.

“चाल. गाडीवाला खोळंबला,” ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी तीन-चारदा बोलायला सुरुवात केली. दर वेळी ते “हो, हो” म्हणायचे आणि बैलांची चौकशी करायचे.

अकोल्याला आल्यावर मी दोन्ही ठसे नव्यानं कोरले. दांडा तेवढाच जाड ठेवला, पण पोट रुंद केलं. ब ची तिरपी रेघ बारीक केली आणि तिच्या दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी मोकळी जागा ठेवली. कोरून झाल्यावर मी ते आधी उस्तादांपुढे धरले. त्यांनी दोन ठिकाणी नखानं खूण केली, आणखी उकर म्हणून. जाड अक्षर कोरताना आपण काळ्याकडे बघतो, पण वाचलं जातं ते आतल्या पांढऱ्यामुळे, हे मला तेव्हा कळलं. ते वळण पुढे फार चाललं. लढाई संपली, भाव कोसळले, कालचे शेठ पुन्हा नांगरामागे गेले, तरी माझा पैलवान टिकला. गावात छापखाना आला तेव्हा नाटकांच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, जत्रेचे फलक, सगळीकडे तोच होता. उस्ताद बाजारातून येताना त्या पाट्या मोठ्यानं वाचत यायचे, मधूनच अडखळत. चूक काढायची सोय नव्हती, कारण चुकत नसत.

त्यांनी त्या प्रकाराचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही. कामात कसूर नाही, बोलण्यात फरक नाही. फक्त अमरावतीहून परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आपली हत्यारं पुसली, प्रत्येक पटाशी वेगळ्या चिंधीत गुंडाळली आणि पिशवीत भरून घरी नेली. त्याआधी वीस वर्षं ती हत्यारं रात्रभर पाटावरच असायची. मला वाटलं, धार लावायला नेली असतील. सकाळी ती परत आणली. संध्याकाळी परत नेली. पावसाळ्यात, रमजानात, अंगात ताप असताना, रोज. मी एकदाही विचारलं नाही.

सात वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले आणि त्यांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम लवकर दुकान बंद केलं, म्हटलं त्यांचं सामान आवरायला मदत करू. आवरायला काहीच नव्हतं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, भिंत चाचपत दारापर्यंत गेले, “येतो,” म्हणाले आणि पायऱ्या उतरले. मी पाटाकडे पाहिलं. सत्तावीस वर्षं त्या जागी एक माणूस बसला होता, असं वाटण्यासारखी एक चिंधीसुद्धा तिथे राहिली नव्हती.